आधीच्या चित्रातला तारा

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी एक सुपरनोव्हा शोधला, आणि हातातला चहा निवायच्या आत तो गेलासुद्धा!

झालं असं, की मी माझे कागद घ्यायला प्रिंटरपाशी गेले, तर वर दुसऱ्याच कुणाचा तरी कागद. त्यावर एक दीर्घिका — जराशी कलंडलेली, फिकट, बापुडी — आणि तिच्या अगदी काठावर एक लख्ख ठिपका. स्फोट होऊन मरणारा तारा! इतका देखणा सुपरनोव्हा मी जन्मात पाहिला नव्हता. बाहेर पावसाची भुरभुर, कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नाही, आणि मी एकटीच कागद छातीशी धरून ओरडले, "सापडला! अगंबाई, सापडला!"

"काय सापडलं?"

मागे एक उंच मुलगा उभा होता. केस ओले, चष्म्यावर थेंब, एका बुटाची नाडी सुटलेली.

"सुपरनोव्हा!" मी कागद त्याच्या नाकासमोर नाचवला. "बघा तरी कसा झळकतोय!"

त्यानं चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला, कागद नीट पाहिला, आणि चेहरा अगदी पडला त्याचा.

"अं... तो माझा आहे."

"तुमचा म्हणजे? आधी तुम्ही शोधलात?"

"नाही... बनवला. काल दुपारी. खोटा आहे तो."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. इतका आनंद फुकट गेला की माणसाला राग येतो, आणि माझा राग तसाही नाकावरच असतो.

"इतका सुंदर खोटेपणा करताना काही वाटत नाही तुम्हाला?"

"सुंदर आहे?" त्यानं एवढंच ऐकलं. आणि हसला. हसताना त्याचा डावा डोळा आधी मिटतो आणि उजवा त्याच्या मागून. हे मला तेव्हाच दिसलं... आणि दिसलं नसतं तर बरं झालं असतं, असंही तेव्हाच वाटलं.

आमचं काम काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. आमची दुर्बीण वर अवकाशात आहे. ती प्रत्येक ठिपक्याचा प्रकाश ताणून त्याचा रंगीत पट्टा करते. त्याला वर्णपट म्हणतात. त्यावरून तारा कसला, केवढा, किती लांबचा, सगळं समजतं. पण तारा एकटा कधी सापडतच नाही. तो आपल्या दीर्घिकेत बसलेला असतो, आणि तिथले बाकीचे अब्जावधी तारे त्याच्याबरोबर उजळत असतात. दोघांचे पट्टे एकमेकांवर पडतात आणि सगळा सावळा गोंधळ होतो. तो निस्तरायचं काम माझं. तारा फुटायच्या आधी त्याच दीर्घिकेची चित्रं घेतलेली असतात. त्यांवरून नुसती दीर्घिका कशी दिसते ते शिकायचं, आणि आत्ताच्या चित्रातून ती वजा करायची. उरेल तो प्रकाश ताऱ्याचा.

माझी ही पद्धत भरवशाची आहे की नाही, ते तपासायला तो होता. तो खऱ्या दीर्घिकांमध्ये खोटे तारे मिसळायचा आणि मी ते वेगळे काढायचे. कुठे मिसळले, किती तेजाचे, हे फक्त त्याला ठाऊक. मी त्याचं नाव भेसळवाला ठेवलं. त्यानं माझं गाळणीबाई.

आणि मग मोठ्या मॅडमनी नियम घातला. मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या गटाच्या प्रमुख. आवाज बारीक, दरारा मोठा.

"उत्तरं उघडायच्या दिवसापर्यंत तुम्ही दोघांनी कामाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "हा नुसता 'अरे वा' म्हणाला तरी हिला अंदाज येईल. मग चाचणी गेली पाण्यात."

"मग बोलायचं तरी काय?" मी विचारलं.

"हवापाण्यावर बोला. नाहीतर बोलू नका."

आम्ही दोघांनी माना डोलावल्या. आता सांगा, दोन माणसांना कामाचं बोलू दिलं नाही, तर ती दुसरं काय करणार? आमच्या मजल्यावर जिन्याच्या वळणाला एक रुंद खिडकी आहे. दुपारच्या चहाला मी तिथे बसायचे. दुसऱ्याच दिवशी तो संत्रं घेऊन आला आणि खिडकीच्या दुसऱ्या टोकाला टेकला.

"काय म्हणतंय हवापाणी?"

"ढग आहेत."

"किती?"

"मोजमाप म्हणजे काम. नियम मोडतोयस तू."

"बरं बाई. मग... आई काय म्हणते तुझी?"

"आई म्हणते, आता कुणीतरी बघ."

"बघितलंस?"

"बघतेय की. दुर्बिणीतून. सगळे फार लांब आहेत."

"सगळेच?"

त्यानं संत्र्याची फोड माझ्यापुढे धरली होती. मी ती घेतली. बोटाला बोट लागलं — अगदी ओझरतं — आणि मी ढगांकडे अशी काही बघायला लागले, जणू ते मीच टांगले होते.

मग रोजच. त्याच्या बहिणीनं लहानपणी त्याचे केस कापले होते ती गोष्ट. मला दाताच्या डॉक्टरची भीती वाटते ती गोष्ट. तो पोहायला गेला आणि चष्म्यासकट बुडी मारली ती गोष्ट. मी हसून हसून खिडकीतून पडायची बाकी राहायचे. दुपार सरायची, तो उठायचा, शर्टाला पुसलेला चष्मा पुन्हा लावायचा आणि त्याच्या खोलीकडे जायचा. त्याची खोली कॉरिडॉरच्या त्या टोकाला, माझी या टोकाला. मधल्या सगळ्या बंद दारांकडे बघत मी उभी राहायचे... वेड्यासारखी. मग पुढच्या दुपारची वाट.

मी काही बावळट नव्हते. आपल्याला काय होतंय ते मला चांगलं कळत होतं. कळत नव्हतं ते त्याचं. कारण मी बघत होते ना! जेवणाच्या टेबलावर तो सगळ्यांना हसवायचा. मॅडमची खुर्ची ओढून द्यायचा. कोपऱ्यातल्या अबोल सहकाऱ्यालाही बोलतं करायचा. मग माझ्यापुढे एखादी संत्र्याची फोड धरली तर त्यात काय मोठंसं? स्वभावच आहे त्याचा, मी मनाला बजावायचे. गोड बोलणारा आहे. सगळ्यांशीच आहे. तो सगळ्यांशी जसा वागतो ते यातून काढून टाक, आणि बघ तुझ्यासाठी काय उरतं.

काढून टाकलं की फारसं काही उरायचं नाही. मी गप्प बसायचे.

तेवढ्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि मी आठवडाभर गावी गेले. आईचं सगळं व्यवस्थित पार पडलं, माझा जीव भांड्यात पडला. पण दुपार झाली की पाय आपोआप खिडकीकडे वळायचे. आईच्या खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसते, बाकी काही नाही. त्या भिंतीकडे मी चहाचा कप घेऊन बघत बसायचे. तो आत्ता तिथे बसला असेल. कुणाला तरी हसवत असेल. कुणाला तरी संत्रं सोलून देत असेल...

एका दुपारी त्याचा निरोप आला. एकच शब्द. "हवापाणी?"

मी चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. शेवटी पाठवलं, "पाऊस." आणि उरलेला दिवस स्वतःला शिव्या घातल्या. पाऊस! एवढ्या शब्दांतून हाच सुचला!

"कुणाची वाट बघतेयस?" आईनं पलंगावरून विचारलं.

"कुणाची नाही."

"मग तो फोन का एवढा उलटापालटा करतेयस? पोळी आहे का ती?"

मी परत आले त्या दुपारी तो आधीच खिडकीत होता. मला बघून उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"आईचा गुडघा?"

"मजेत आहे. लवकरच माझ्यामागे पळेल."

तो हसला, पण डोळे काही मिटले नाहीत. संत्रं हातात तसंच.

"मला एक विचारायचंय," तो म्हणाला. "समुद्रापलीकडे पुढच्या दुर्बिणीचं उपकरण जुळवतायत. त्यांनी बोलावलंय. दोन वर्षं." त्यानं खाली बघितलं. "जाऊ का?"

पायाखालचा जिना सरकला माझ्या. पण मी स्वतःला म्हटलं, अगं, हे त्यानं सगळ्यांनाच विचारलं असेल. मॅडमना, टेबलावरच्या सगळ्यांना. शहाण्या सहकाऱ्यासारखी वाग.

"विचारतोस काय? जा की!" मी इतक्या उत्साहानं म्हणाले की माझाच आवाज मला ओळखू येईना. "अशी संधी परत येते का?"

"हं," तो म्हणाला. "जायलाच हवं."

त्यानं संत्रं पूर्ण सोललं, खिडकीत ठेवलं आणि न खाताच गेला. त्यानंतर त्याच्या येण्याजाण्यात खंड पडायला लागला. कागदपत्रं, सामान, निरोप. मी मात्र रोज त्या खिडकीत बसायचे. तो आला नाही तरी बसायचे. आता तो जाणार आणि माझ्या मनात काय आहे ते त्याला कधी कळणारच नाही, हे मला दिसत होतं. आणि तोंड उघडायची छाती होत नव्हती. भांडायला सांगा, कुणाशीही भांडेन. पण हे...

उत्तरं उघडायचा दिवस नेमका तो जायचा दिवस. दुपारी चाचणी, संध्याकाळी विमानतळाची बस. मॅडमच्या खोलीत आम्ही सगळे दाटीवाटीनं बसलो. एका बाजूला त्यानं मिसळलेले तारे, दुसऱ्या बाजूला मी वेगळे काढलेले. एकेक जोडी पडद्यावर यायला लागली. जुळलं. जुळलं. हेही जुळलं. लोक टाळ्या पिटत होते. मी चोरून त्याच्याकडे बघितलं, तर तो माझ्याकडेच बघत होता. दोघांनीही घाईघाईनं पडद्याकडे मान वळवली.

आणि मग एक जोडी जुळली नाही.

माझा तारा अगदीच मिणमिणता निघाला होता. त्यानं मिसळलेला त्याच्या कितीतरी पट तेजस्वी.

"हे कसं शक्य आहे?" मी ताडकन उठले. "बाकीचा प्रकाश गेला कुठे?"

"मी हा हळूहळू उजळणारा बनवला होता," तो म्हणाला. "काही तारे असतात असे. एकदम भडकत नाहीत. तू आधीचं म्हणून जे चित्र घेतलंस ना... त्यातही तो होता."

"आधीच्या चित्रात? म्हणजे दीर्घिका समजून मी..."

"ताराच वजा करत होतीस."

"ही शुद्ध लबाडी आहे!"

"लबाडी कसली?" मॅडम म्हणाल्या. "आकाश काय तुला सांगून उजळणार आहे? आधीच्या चित्रात तारा नव्हता, हे तू तपासलं होतंस का?"

"नाही."

"का नाही?"

"मला वाटलं, आधीचं म्हणजे आधीचं," मी पुटपुटले. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि राग सगळा स्वतःवरच.

"कुणाचीही झाली असती ही चूक," तो हळूच म्हणाला.

मग अभिनंदनं झाली, निरोप झाले. त्यानं सगळ्यांशी हात मिळवले. माझ्याशीही. त्याचा हात गार होता.

"बरंय, गाळणीबाई. हवापाणी कळवत जा."

"हो," मी म्हणाले. नुसतं हो! आणि तो पिशवी खांद्याला लावून गेला.

सगळे पांगले. मी तिथेच, ते आधीचं चित्र पडद्यावर मोठं करून बघत बसले. होता की! दीर्घिकेच्या कुशीत, अगदी बारीक, पण होता. पहिल्यापासून होता. मी त्याला नेहमीचा प्रकाश समजले, आणि काढून टाकत गेले.

आणि मला दरदरून घाम फुटला. कारण मी त्या मुलाला इतरांशी हसताना, बोलताना ज्या ज्या वेळी पाहिलं होतं, त्या प्रत्येक वेळी मी तिथेच बसले होते. टेबलावर समोर. मी नसताना तो कसा असतो, हे मी कधी बघितलंच नव्हतं. बघणार कशी?

"मॅडम," मी म्हणाले.  "मी आईकडे गेले होते ना, त्या आठवड्यात तो कसा होता?"

मॅडम लॅपटॉप मिटत होत्या. "कोण? भेसळवाला? होता नेहमीसारखा. गप्प."

"गप्प?"

"अगं, चार वर्षं झाली त्याला इथे. एक वाक्य काढून घ्यायचं तर घशात हात घालावा लागतो. तू आलीस तेव्हापासून बोलायला लागलाय. जेवणाच्या टेबलावर पहिल्यांदा विनोद केला ना त्यानं, तेव्हा मला ठसका लागला होता." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत नव्हतं?"

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत!"

"मला वाटलं, हवापाण्यात आलं असेल. आता माझ्या तोंडाकडे काय बघतेस? बस सुटेल ना त्याची!"

मी पळाले. छत्री नाही, पर्स नाही, पायात ऑफिसातल्या सपाता. बाहेर संध्याकाळची पावसाची रिपरिप होती. थांब्यावरच्या पत्र्याखाली तो एकटाच उभा, बॅगेवर हात ठेवून. मला असं धापा टाकत येताना बघून घाबरलाच.

"काय झालं? आई बरी आहे ना?"

"तू गप्प असतोस?" मी विचारलं.

"अं?"

"मी नसले की. तू गप्प असतोस म्हणे!"

त्याचे कान लाल झाले. "कोण म्हणालं?"

"ते सोड. खरं की खोटं?"

"खरं." तो ओल्या रस्त्याकडे बघायला लागला. "बोलण्यासारखं काही नसतं. तू असलीस की... टेबलावर, खिडकीत मी जे काही बोलतो ना, ते तू हसावीस म्हणून बोलतो. आधी घरून ठरवून येतो."

"ती चष्म्याची गोष्ट?"

"दोन दिवस जुळवत होतो."

मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

"मग तोंडानं सांगायला काय झालं होतं तुला? जाऊ का, जाऊ का, काय विचारत बसलास?"

"तेच तर सांगत होतो."

"ते सांगणं होतं?"

"माझ्या मानानं... फार झालं होतं ते. आणि तू म्हणालीस, जा."

"म्हणजे मी म्हणेन ते सगळं ऐकणार का तू, शहाण्या? माझ्याकडे बघून तुला काहीच कळलं नाही?"

"कसं कळणार? तू सगळ्यांशीच हसतेस. मला वाटलं, त्यांच्यातलाच मी एक."

"मी? सगळ्यांशी?" माझा आवाज इतका चढला की रस्त्यापलीकडचं कुत्रं उठून बसलं. "अरे, मी सगळ्यांशी भांडते! दारावरच्या पहारेकऱ्याला विचार. प्रिंटर दुरुस्त करणाऱ्याला विचार, तो तर माझं तोंड बघून दुसऱ्या जिन्यानं जातो! हसते ती फक्त तू असलास की..."

 तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मग हळूहळू हसायला लागला. डावा डोळा मिटला, मागून उजवा. त्यानं चष्मा काढला. काचा पुसायला शर्टाचं टोक धरलं आणि तसाच थांबला. चष्म्याशिवायचे त्याचे डोळे मी पहिल्यांदा इतक्या जवळून बघत होते. ते ओले होते, आणि पावसानं नव्हे.

"थांब म्हणालीस तर थांबतो," तो म्हणाला.

देवाशपथ सांगते, ओठांवर आलं होतं. पण तिकडे त्याच्या भरवशावर माणसं खोळंबली होती, त्यानं सही केली होती, शब्द दिला होता. आणि शब्द फिरवणारा माणूस मला आवडला असता का, कोण जाणे.

"जा," मी म्हणाले. "पण मी जा म्हणतेय म्हणून मला काही वाटत नाही, असं पुन्हा समजलास ना, तर समुद्र ओलांडून येईन भांडायला. मला तू आवडतोस. फार आवडतोस. प्रिंटरपासून."

"मलाही," तो म्हणाला. "तू ओरडलीस ना, सापडला म्हणून... तेव्हापासून."

मग त्यानं माझा हात हातात घेतला. या वेळी ओझरता नाही.  बस वळणावर दिसली, तरी सोडला नाही. दार उघडलं, चालकानं हॉर्न दिला, तेव्हा त्यानं माझ्या कपाळावरची ओली बट बाजूला केली आणि म्हणाला, "रोज बोलेन. फोनवर. आधी काही न ठरवता."

"आणि कामाचंही बोल आता. नियम संपला."

तो चढला. मागच्या काचेवर त्याचा तळवा दिसला, मग काच धूसर झाली, मग नुसती बस. मी त्या पत्र्याखालच्या बाकावर बसले, खिशातला फोन काढला आणि आईला लावला.

"आई, मला एक मुलगा आवडलाय."

"काय सांगतेस!" आईचा आवाज एकदम टवटवीत. "अगं, कोण तो? काय करतो? आहे का तिथे? दे बघू त्याच्याकडे फोन!"

बसचे मागचे लाल दिवे वळणावर दिसेनासे झाले.

"आत्ताच गेला गं," मी म्हणाले, आणि मला हुंदका आवरेना.



"यायचाय ना परत?"

"दोन वर्षांनी."

"मग आत्ता रडून घे पोटभर," आई म्हणाली. "मी आहे फोनवर."